तुमचा सवाल, ताईचा जवाब : सेन्सरवाला मायक्रोवेव्ह

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज एक ओळ टाकली होती, घरात सेन्सरवाला मायक्रोवेव्ह असंल तर आपापली रडगाणी कळवा म्हणून. कळवलीत की हो! उदगीरपासून वैजापूरपर्यंत पत्रं आली, मेसेज आले, आणि एका काकांनी तर जळक्या शेंगदाण्याचा फोटोच पाठवला. सगळ्यांना जागा देणं काही होत नाही, एकसारखे प्रश्न एकात घातलेत, नावं नेहमीसारखी गाळलीत.

ताई, पोरगा पुण्याला नोकरीला आहे, त्यानं दिवाळीला आम्हा दोघांसाठी ओव्हन आणून दिला. म्हणाला, आई ह्याला टाइम लावायची गरजच नाही, सेन्सर रीहीटचं बटन दाब न् मोकळी हो. मी तसंच करायले, तर एक दिवस वरण असं निघतं की जीभ भाजावी, अन् दुसऱ्या दिवशी तेच वरण, तीच वाटी, कडंला कोमट न् मधी गारढोण. हे म्हणायलेत मशीन खराब आहे, परत कर. पोराला सांगावं तर त्याला वाईट वाटायचं. काय करू?
– एक आई, लातूर

मावशी, पोराला काही सांगू नका, मशीन चांगलं आहे. घोटाळा त्या सेन्सर शब्दाचा आहे. सेन्सर म्हटलं की आपल्याला वाटतं आत कुणीतरी बसलंय आणि वरणात बोट घालून बघायलंय. तसं काही नसतं. बहुतेक घरगुती ओव्हनमधला सेन्सर फक्त वाफ हुंगतो, बास. आतली हवा पंखा बाहेर ढकलत असतो, त्या वाटेवर हा एवढासा तुकडा बसवलेला असतो, हवेतला ओलावा एकदम वाढला की त्याला कळतं की पदार्थ वाफाळला. बटन दाबल्यापासून वाफ येईस्तोवर किती वेळ गेला तो ओव्हन मोजतो आणि तुम्ही जो पदार्थ निवडला त्याच्या हिशोबानं अजून किती वेळ ठेवायचं ते ठरवतो. वरण जास्त असलं की वाफ उशिरा, म्हणून पुढचा वेळही जास्त. म्हणूनच आधी स्क्रीनवर नुसतीच नक्षी फिरत राहते, मग बीप होतो आणि तिथून पुढं आकडे उलटे मोजायला सुरुवात होते. काही मॉडेलात वाफेऐवजी पदार्थाची वरची उष्णता दुरून बघणारा इन्फ्रारेड सेन्सर असतो म्हणा, सोबतचं पुस्तक बघून घ्या, पण आलेली पत्रं वाचून तुम्हा सगळ्यांकडं वाफवालाच दिसायलाय.

आता वाफच चुकीच्या वेळी आली तर बिचारा हिशोब काय करणार. मी हे घरी मुद्दाम करून बघितलं, कागद-पेन घेऊन, आमचे हे हसायले होते ती गोष्ट वेगळी. फ्रीजमधलं वाडगाभर वरण, काचेच्या बाऊलमध्ये, वर ताटली जराशी सरकवून ठेवलेली, बाऊल बाहेरून कोरडा, आतली फिरती काचपण कोरडी. जवळजवळ दोन मिनिटांनी बीप झाला, पुढं अर्ध्या मिनिटाच्या वर थोडं दाखवलं, वरण झकास, खायला घ्यावं असं. दुसऱ्या दिवशी तेवढंच वरण, फक्त बाऊल नळाखालून काढून तसाच निथळता ठेवला आणि आतल्या काचेवर सकाळचं सांडलेलं पाणी होतं ते तसंच राहू दिलं. एक मिनिटही झालं नाही तर बीप! वरणाला अजून पत्ताच नव्हता, बाहेरच्या थेंबांची वाफ झाली आणि ओव्हनला वाटलं झालं काम. मधी चमचा घातला तर गार. तुमचं ते "कडंला कोमट" म्हणजे हेच. झाकण अजिबात ठेवलं नाही तरी थोडाफार असाच प्रकार होतो, वरची साय तापून वाफ लवकर सुटते.

आणि जीभ भाजते ती उलट्या कारणानं. टपरवेअरसारखं घट्ट झाकण लावून ठेवलं की वाफ आतच कोंडते, सेन्सर वाट बघत बसतो, ओव्हन तापवत राहतो, शेवटी झाकण उडतं नाहीतर कडेनं फुस्स करतं तेव्हा कुठं त्याला कळतं, तोवर आत वरणाचा ज्वालामुखी. म्हणून झाकण पाहिजे पण सैल, वाफेला बोटभर वाट राहील असं.

बीप व्हायच्या आधी दार उघडून "झालं का" बघायचं नाही, आपल्या सगळ्यांना ती कढईवरचं झाकण उचलायची खोड आहे, इथं ती महागात पडते, कारण जमलेली वाफ निघून जाते आणि सगळा हिशोब पहिल्यापासून. आकडे दिसायला लागले की मग खुशाल उघडा, ढवळा, परत लावा. एक वाटी काढून लगेच दुसरी ठेवायची असंल तर आधी आतून फडकं फिरवा, दार दोन मिनिटं उघडं टाका. ओट्यावर शेजारीच कुकरची शिट्टी चालू असंल, चहा उकळत असंल तरी ती वाफ ह्याला गोंधळात पाडू शकते. अगदी दोन चमचे भाजी सेन्सरवर गरम करू नका, तेवढ्यातून वाफ ती किती निघणार, तिथं सरळ ३० सेकंद लावा.

दोन गोष्टी खास आपल्या मराठवाड्यासाठी. काही कंपन्यांच्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ओव्हनचा प्लग लावल्यावर दोनेक मिनिटं थांबा मग सेन्सर वापरा, म्हणजे लाइट जाऊन आल्यावरही तेच की. आणि दुसरं लिहिलेलं असतं की खोलीचं तापमान ३५ अंशांच्या वर नको. आता एप्रिल-मे मध्ये लातूरच्या स्वयंपाकघरात दुपारी ३५ कुठून आणायचं मला सांगा. त्या दोन महिन्यांत दुपारी सेन्सर सोडून द्या, हातानं वेळ लावा, सकाळी न् रात्री वापरा.

आमचं गाव हिंगोलीपासून आत आहे. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो. पुस्तकात बटाटे ५ मिनिट लिहिलेत, दुपारी ५ मिनिटात होतात, रात्री ८ मिनिट लावले तरी कच्चेच, अन् ओव्हन नुसता घुर्रर करायलाय. दुकानदार म्हणतो सेन्सरमुळं होतंय.
– एक शेतकरी वाचक

दादा, दुकानदाराला सेन्सर कळलेला नाही. आतमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते, तिला ४००० व्होल्टच्या आसपास लागतात, ते ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या जोडीचे भाग मिळून तुमच्या घरातल्या २३० वरून वाढवून देतात. घरातच १९० यायलेत तर पुढं पण कमीच जाणार, आणि तापवायची ताकद त्याहून जास्त घसरते. घड्याळाला ह्यातलं काही कळत नाही, ते ५ मिनिट म्हणजे ५ मिनिट.

आणि गंमत बघा, इथं सेन्सरच तुमच्या कामाचा आहे. लाइट मंद असली की वाफ उशिरा येणार, वाफ उशिरा आली की ओव्हन आपोआप पुढचा वेळ वाढवणार. रात्री बटाटे सेन्सरवर लावून बघा, घड्याळावर नको. (बटाट्याला काट्यानं चार-पाच भोकं पाडायची विसरू नका, नाहीतर आत फुटतो.)

पण व्होल्टेज १८० च्या खाली जात असंल तर त्या वेळी ओव्हन लावूच नका. स्टॅबिलायझर घ्यायचा तर टीव्हीचा नको, ओव्हनच्या मागच्या पट्टीवर तो लाइट किती वॅट ओढतो ते लिहिलेलं असतं त्याच्याहून चांगला वरचा घ्या. इथं बरेच जण फसतात, खोक्यावर ८०० वॅट मोठ्या अक्षरात असतं, ती तापवायची ताकद झाली, ओढतो तो १२००-१३०० पर्यंत. म्हणून मोठ्या पिनचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच पाहिजे, एक्स्टेंशन बोर्ड नको, त्याच बोर्डावर मिक्सर तर अजिबात नको.

आणि अर्थिंग. आपल्याकडं मीठ-कोळशाचा खड्डा घरामागं असतो, घर बांधल्यापासून कुणी तिकडं बघितलेलं नसतं, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तो खड्डा पण कोरडा ठक्क पडतो. ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर आधी प्लग काढा, खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या मगच लावा.

दुकानात 'इन्व्हर्टर टेक्नॉलॉजी' आहे म्हणून तीन हजार जास्त घेतले. लाइट गेली तर हा चालतच नाही. फसवलं का आम्हाला?
– जालना

फसवलं नाही पण समजून पण सांगितलं नाही. घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा, ह्यातला वेगळा, नाव तेवढं एक. साध्या ओव्हनला तुम्ही ५० टक्के पॉवर लावली तर तो निम्मी ताकद देत नाही, काही सेकंद पूर्ण ताकदीनं चालतो, काही सेकंद बंद राहतो, परत चालतो, कान देऊन ऐकलं तर तो घुर्र-गप्प-घुर्र आवाज कळतो. इन्व्हर्टरवाला खरंच कमी आचेवर सलग चालतो. लोणी पातळ करायचंय, गोठलेला खवा सोडवायचाय, बासुंदी गरम करायचीय तर फरक लगेच दिसतो, कडा करपत नाहीत. तीन हजार पाण्यात गेले नाहीत. पण घरातल्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ओव्हन लावायला जाऊ नका, तो पंखे-बल्बसाठी आहे, लगेच ट्रिप होईल.

शेंगदाणे सेन्सरवर भाजायला ठेवले, धूर निघाला, अख्ख्या घरात वास, आता ओव्हनमध्ये चहा गरम केला तरी शेंगदाण्याचा वास येतो. आणि भाकरी गरम केली की चामडं होती. मग ह्याचा उपयोग काय? (सोबत फोटो)
– एक काका, बीड

काका, फोटो बघितला, कोळसा बरा म्हणायची वेळ आली.

पण एकटे नाहीत तुम्ही. माझा पहिला ओव्हन आला त्या आठवड्यात मीपण हेच केलं होतं, चटणीसाठी पावशेर शेंगदाणे, बटन दाबून मी फोनवर बहिणीशी बोलत बसले, वास आला तेव्हा धावले. वरून दाणे गुलाबी होते, अगदी छान, एक फोडून बघितला तर आत काळा! कढईत दाणा बाहेरून भाजत जातो म्हणून आपण रंग बघून ओळखतो, इथं दाण्याच्या आतच तापतं, त्यामुळं साल धड दिसते आणि मधलं करपलेलं असतं. आणि कोरड्या दाण्यातून वाफ ती किती येणार, वाफच नाही तर सेन्सर थांबणार कशाला, तो बसला वाट बघत. शेंगदाणे, रवा, तीळ, खोबरं, पापड, कोरडं काहीही सेन्सरवर नाही म्हणजे नाही.

हातानं करा. वाटीभर दाणे पसरट काचेच्या ताटलीत, फुल पॉवरवर एक मिनिट, बाहेर काढून हलवा, परत एक मिनिट, असं साधारण चार मिनिटांपर्यंत. तिसऱ्या मिनिटापासून एकेक दाणा फोडून आतून बघा. आणि थोडे कच्चे वाटायलेत तेव्हाच काढा कारण बाहेर काढल्यावरही ते आतल्या आत भाजत राहतात, तडतड ऐकू येते बघा. गार झाले की हातावर चोळा, साल सुटली की झालं. पापडाला मिनिटाच्या आतबाहेर लागतं, आधी अर्धं मिनिट लावून बघा.

वास जाण्यासाठी काचेच्या बाऊलमध्ये पाणी, त्यात एक लिंबू चिरून, तीन-चार मिनिटं उकळू द्या आणि पाच मिनिटं दार बंदच ठेवा, मग पुसून काढा. बोअरचं पाणी जड असतं, पुसलं नाही तर पांढरे डाग राहतात. दार रात्रभर थोडं उघडं ठेवा, पण कापड अडकवून ठेवा, पाल गेली आत तर माझ्या नावानं शंख कराल.

भाकरीचं म्हणाल तर, ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, जे काही मऊपण आहे ते पाण्यामुळं. मायक्रोवेव्ह पाणीच आधी तापवतो, ते उडालं की भाकरीचं चामडं. ओल्या फडक्यात गुंडाळून १५ सेकंद, जास्तीत जास्त २०, आणि निघाल्याबरोबर खायची, ताटात ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. धपाटे त्या मानानं बरे निघतात, तेल असतं त्यात. पण खरं सांगू का काका, शिळी भाकरी तव्यावरच शेकावी नाहीतर कुस्करून दह्यात घालावी, ती ओव्हनची वस्तू नाही. तुरीची डाळ पण नाही. लातूरची डाळ असली तरी ओव्हनमध्ये तिला शिजवायला जो वेळ लागतो त्यात कुकर दोनदा होतो.

सासूबाई ओव्हन चालू झाला की बाहेर ओसरीवर जाऊन बसतात. म्हणतात त्यातनं किरणं निघतात, कॅन्सर होतो, अन्न विषारी होतं. मला पण आता भ्या वाटायलंय. घरात लहान बाळ आहे.
– एक सून, परभणी

आधी सासूबाईंना हसू नका, त्यांची शंका रास्त आहे, ह्या यंत्राचा जन्मच रडारच्या कारखान्यात झाला. १९४५ मध्ये अमेरिकेत रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करत होता, खिशातलं चॉकलेट वितळलं म्हणून त्याच्या लक्षात आलं. पहिले ओव्हन कपाटाएवढे होते, ओट्यावर मावेल असा घरगुती १९६७ मध्ये आला.

पण ही किरणं एक्स-रेच्या जातीची नाहीत. ती पाण्याच्या कणांना हलवून तापवतात, ओव्हन बंद झाला की संपली, बल्ब बंद केल्यावर उजेड संपतो तशी. अन्नात ती साठून राहत नाहीत. त्यांच्या एका लाटेची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दाराच्या काचेत जी काळी जाळी दिसते तिची छिद्रं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, त्यातून ती बाहेर येत नाहीत, तुम्हाला आतलं दिसतं कारण उजेडाची लाट त्याहून कितीतरी बारीक. दार उघडलं की आतले स्विच लगेच किरणं बंद करतात. दाराला धक्का बसून ते वाकलं असंल, नीट लागत नसंल, तर मात्र सासूबाईंचं ऐका आणि दुरुस्त होईस्तोवर वापरू नका. आत मोबाइल ठेवून रिंग वाजते का बघायची जी टेस्ट फिरायली तिला काही अर्थ नाही.

भ्यायचं तर ह्या गोष्टींना भ्या: बाळाची दुधाची बाटली ओव्हनमध्ये गरम करू नका. बाटली हाताला कोमट लागते आणि आत मधलंच दूध पोळणारं असतं. गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची जुनी रीत चांगली. अंडं सालासकट ठेवायचं नाही, फुटतं, कधीकधी बाहेर काढून खाताना फुटतं. नुसतं पाणी गुळगुळीत कपात जास्त तापवलं तर ते न उकळताच उकळी ओलांडून जातं आणि चमचा किंवा कॉफी घातली की एकदम उसळतं, म्हणून ठेवतानाच आत लाकडी चमचा टाकायचा. आणि झाकण काढताना आपल्या तोंडापासून लांबच्या बाजूनं आधी उचलायचं. ह्या घरात वाफेनं हात भाजलेल्या मला तिघी माहिती आहेत, त्यातली एक मीच.

आतून ठिणग्या उडायलेत. मेकॅनिक म्हणाला मॅग्नेट्रॉन गेला, नवीन ओव्हनच घ्या.
– धाराशिव

थांबा, पैसे काढू नका अजून. उजव्या बाजूच्या भिंतीवर आतून एक पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा दिसतो का? तो अभ्रकाचा असतो, त्याला माइका शीट म्हणतात. त्यावर फोडणीचं तेल उडून उडून जळतं, काळा डाग पडतो आणि तिथूनच ठिणगी उडते. बाजारात तसा नवा तुकडा थोडक्या पैशात मिळतो, मापाला कात्रीनं कापून बसतो. प्लग काढून तुम्हीच बदलू शकता. पण बाहेरचा पत्रा खोलायचा नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव जाईल एवढा करंट शिल्लक राहू शकतो. आणि आधी हेपण आठवून बघा, लग्नातला सोनेरी काठाचा डिनर सेट तर आत ठेवला नव्हता ना?

राहिलेल्यांना घाईघाईत. वसमतच्या ताई, स्टीलच्या डब्यात नको, किरणं स्टीलमधून जात नाहीत, वरूनच तापतं आणि कडेला ठिणगी पडते. अंबाजोगाईच्या मुलीला, हॉस्टेलवर भात करायचा तर एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, बाऊल त्याच्या तिप्पट मोठा, नाहीतर पेज सगळी काचेवर. गंगाखेडच्या दादा, रिकामा चालवू नका, पोरं बटन दाबून पळतात तर आत कायम एक पाण्याचा ग्लास ठेवून द्या, काचेचा, आणि सेन्सर लावायच्या आधी तो बाहेर काढा.

आणि सेलूच्या ज्या काकांनी विचारलंय की ओव्हनमध्ये हुरडा भाजता येतो का. येतो, कणसावर पाण्याचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून, दीड-दोन मिनिटं. दाणे मऊ होतात, गोडपण लागतात. पण काका, शेत तुमचं, ज्वारी तुमची, गोवऱ्या तुमच्या, आगटी पेटवायला होतंय काय तुम्हाला? आम्हाला बोलवा, लसणाची चटणी मी आणते.